हिवाळ्यात गाडी, ट्रॅक्टर आणि बाईक: विदर्भातल्या गावरस्त्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटली की वेचणीचा कापूस, तूर, संत्रा आणि धान एकाच वेळी रस्त्यावर येतं. पहाटेचं धुकंही त्याच दिवसांत उतरतं. पुढचे प्रश्न नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात गॅरेजमध्ये, पंपावर आणि जिनिंगच्या (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) रांगेत पुन्हा पुन्हा निघतात.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग हिवाळ्यासाठी वेगळी तयारी कशाला?

बर्फ नाही हे खरं, पण थंडी काही कमी नाही. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर आला होता. गोंदियाकडे तर एक आकडी तापमान दर हिवाळ्यात पाहायला मिळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहाटे 8–10 अंश आणि दुपारी 28–30, असा वीस अंशांचा फरक एकाच दिवसात पडतो. टायरची हवा, बॅटरी, काचेवरची वाफ, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो.

तरी सगळ्यात मोठा धोका थंडीचा नाही. अंधारात, धुक्यात, मागे एकही लाइट नसलेली भरलेली ट्रॉली समोर असते, तो खरा धोका. या पानावरचं बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण ट्रॉलीला रेडियम (लाइट पडताच चमकणारी पट्टी) लावा. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

उन्हाळ्यात बॅटरी ठणठणीत होती. थंडी पडताच सेल्फ का उचलत नाही?

बॅटरीचं नुकसान मे महिन्यातच झालेलं असतं. 45–46 अंशांच्या उन्हात आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं म्हणून ते लक्षात येत नाही. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी गाठतात.

तपासणी घरच्या घरी होते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करण्याआधी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्ट किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा. मग इंजिन सुरू करून पुन्हा पाहा. 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर ठीक आहे. 13 च्याही खाली राहिला तर दोष बॅटरीचा नाही. पट्टा ढिला आहे किंवा अल्टरनेटरच चार्ज करत नाही. हे न पाहता नवी बॅटरी घेतली तर पंधरा दिवसांत तीही उतरते.

पाण्याच्या बॅटरीत प्लेटांच्या वर 10 ते 15 मिलिमीटर पाणी हवं. डिस्टिल्ड वॉटरच टाका. बोअरचं किंवा आरओचं पाणी नको, आणि ॲसिड तर अजिबात नको, कारण उडून जातं ते फक्त पाणी. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर आधी काळी (निगेटिव्ह) वायर काढा, मग लाल. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. बसवताना लाल आधी, काळी शेवटी. निम्म्या "बॅटरी गेली" म्हणून आलेल्या गाड्यांना एवढंच पुरतं.

बॅटरी उतरलीच तर दुसऱ्या गाडीवरून करंट कसा घ्यायचा?

दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्या आहेत ना, ते आधी पाहा. मोठ्या ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची असते. तिथून थेट करंट घेतला तर कारचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जळू शकतो. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ही काळजी. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग बंद गाडीला सेल्फ मारा. काढताना उलट क्रमाने.

धक्का मारून सुरू करणं जुन्या डिझेल गाडीला चालतं. आजच्या पेट्रोल गाडीत पंप आणि इंजेक्टरला करंट लागतो. बॅटरी पार मेलेली असेल तर शंभर माणसं लावूनही उपयोग नाही. ऑटोमॅटिक गिअरची गाडी आणि गिअर नसलेली स्कूटर धक्क्याने सुरू होत नाही.

ट्रॅक्टर सकाळी सुरू होत नाही. सेल्फला स्क्रू ड्रायव्हर टेकवून सुरू केलं तर चालतं का?

नाही. यात माणसं मरतात. खाली उभं राहून, मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात वाकून सेल्फचे दोन नट स्क्रू ड्रायव्हरने जोडले की क्लचचा किंवा न्यूट्रलचा सुरक्षा स्विच कामच करत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होताच पुढे निघतो, आणि त्याच्या वाटेत तुम्हीच उभे असता. सेल्फ उचलत नसेल तर दोष वायर, सोलेनॉइड, स्विच किंवा बॅटरीत आहे. तोच काढून घ्या. सीटवर बसून, न्यूट्रल करून, क्लच दाबूनच सेल्फ मारायचा.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा तीन गोष्टी बघा.

पहिली, हीटर प्लग. ज्या मॉडेलला आहे त्यात चावी हीटरच्या खुणेवर 10–20 सेकंद धरा, मग सेल्फ. कार किंवा पिकअपमध्ये कॉइलचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. प्लग गेला का हे मल्टिमीटरवर कळतं: चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही.

दुसरी, डिझेलमधलं पाणी. टाकी अर्धी रिकामी ठेवून ट्रॅक्टर उघड्यावर लावला की रात्री टाकीच्या आत दव धरतं आणि खाली उतरतं. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर हे टळतं. फिल्टरखालचा नट ढिला करून आधी निघणारं पाणी काचेच्या ग्लासात घ्या. पाणी तळाशी बसलेलं स्पष्ट दिसतं. स्वच्छ डिझेल येऊ लागलं की नट आवळा. मग फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबले की बंद.

तिसरी, एअर क्लीनर. मळणीच्या दिवसांत तो भुशाने गच्च होतो. काळा धूर हे त्याचं लक्षण. सुरुवातीला पांढरा धूर येऊन इंजिन तापल्यावर थांबत असेल तर ते न जळलेलं डिझेल आहे, हीटर प्लग तपासा. पांढरा धूर थांबतच नाही आणि रेडिएटरचं पाणीही घटतंय, तर हेड गॅस्केटकडे संशय घ्या.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट सोडा. टाकीखाली किंवा इंजिनखाली शेकोटी पेटवू नका. पाणी गरम करून रेडिएटरमध्ये टाकण्याची जुनी पद्धत त्यापेक्षा बरी, पण उकळतं पाणी नको, कोमट.

बाईकला चोक द्यायचा का?

कार्बोरेटरच्या जुन्या बाईकला द्यायचा, आणि मिनिटभरात परत बंद करायचा. चालू राहिला तर प्लग काळा होतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 बाईकना बहुतेक चोक नसतोच. चावी फिरवा, पंपाचा बारीक "झूं" आवाज दोन-तीन सेकंदांत थांबेल, मग ॲक्सिलरेटर न देता सेल्फ मारा.

गाडी किती वेळ उभी ठेवून गरम करावी?

अर्धा ते एक मिनिट. ऑइल वर चढायला तेवढं पुरतं. मग पहिले तीन-चार किलोमीटर हलक्या पायाने चालवा. उभ्या गाडीत इंजिन हळू तापतं, डिझेल फुकट जातं. टर्बो असेल तर सुरू होताच रेस देऊ नका.

उन्हाळ्यात मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता हीटर गरम येत नाही.

त्याचंच कारण आहे. आपल्याकडे उन्हात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढायची पद्धत पडली आहे. तो 82–88 अंशांच्या आसपास उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे सोडत नाही. तो नसेल तर हिवाळ्यात इंजिन पुरेसं तापतच नाही, डिझेल जास्त खातं, ऑइल खराब होतं, काचेवरची वाफ जात नाही. नवा बसवून घ्या. गाडी उन्हाळ्यात तापत असेल तर चोंदलेला रेडिएटर, पंख्याचा पट्टा किंवा वॉटर पंप दुरुस्त करायला हवा. त्याच वेळी साधं पाणी काढून कूलंट भरा, डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. गोठण्याची भीती इथे नाही, पण आतला गंज आणि क्षार त्यामुळे थांबतात.

टायरमध्ये हवा कमी ठेवावी की जास्त?

कंपनीने सांगितली तेवढीच. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो. तापमान 5–6 अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय हवा कमी भरते. म्हणून दुपारी, गाडी तीस किलोमीटर चालून आल्यावर 33 भरलेली हवा पहाटे 28–29 दिसू शकते. सकाळी, थंड टायरवर तपासा. नक्षी कारला किमान 1.6 आणि दुचाकीला 0.8 मिलिमीटर असावी असा नियम आहे. दवाने ओल्या झालेल्या धुळीच्या रस्त्यावर एवढ्या काठावरच्या टायरचा भरवसा धरू नका. स्टेपनीतली हवाही याच वेळी बघा.

समोरची काच सारखी धुरकट होते. काय करावं?

आत वाफ आहे की बाहेर, हे बोट फिरवून आधी ठरवा. आत असेल तर श्वासातली ओल थंड काचेवर धरते. हवा समोरच्या काचेवर सोडा, गरमची खूण पूर्ण करा, आतल्या आत हवा फिरवणारं बटण बंद करा आणि एसी चालू करा. हिवाळ्यात एसी कशाला, असं वाटतं, पण हवेतली ओल तोच खेचतो. एसी नसेल तर दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवा. बाहेरून धरली असेल तर वायपर मारा. आपल्या उन्हाने वायपरचं रबर दरवर्षी कडक होतं. पावसाळा संपला म्हणून ते तसंच ठेवू नका. काच ओलसर असताना कोरड्या कापडाने पुसली तर धूळ पसरून समोरून येणाऱ्या लाइटचे फराटे दिसतात.

धुक्यात कोणता लाइट लावायचा, आणि वेग किती?

डिपर, म्हणजे खाली, जवळ पडणारा लाइट. अप्परचा, म्हणजे सरळ लांब जाणाऱ्या लाइटचा, उजेड धुक्यातल्या थेंबांवरून उलटून डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लॅम्प असतील तर डिपरसोबत लावा. ते बंपरजवळ खाली असल्यामुळे रस्त्याची कड दाखवतात. बाजारातले झगझगीत पांढरे एलईडी बार धुक्यात तुम्हालाच आंधळं करतात. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला वाटतं गाडी उभी आहे, आणि तुम्ही वळणार असाल तर ते कळत नाही.

वेग ठरवायला दिसण्याचं अंतर मोजा. विजेच्या खांबांतलं अंतर आपापल्या रस्त्यावर एकदा पावलांनी मोजून ठेवा, मग धुक्यात "दोन खांब दिसतात की एक" यावरून हिशेब होतो. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, ब्रेककडे पाय जायला दीड सेकंद धरला, तर गाडी थांबायला साधारण इतकं अंतर लागतं: ताशी 30 ला 18 मीटर, 40 ला 26, 60 ला 45, 80 ला 70. ओल्या धुळीत आणखी वाढतं.

एकेरी गावरस्त्यावर समोरूनही कोणी येत असतो आणि त्यालाही थांबायला जागा हवी. म्हणून दिसतं त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे. 50 मीटर दिसत असेल तर 40 च्या आतच, 30 मीटर दिसत असेल तर 25. त्याहून कमी दिसत असेल तर पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात थांबा. ऊन चढलं की धुकं विरतं.

धुकं सगळीकडे सारखं नसतं. वैनगंगा, वर्धा, पैनगंगेचे काठ, धरणांचा आणि तलावांचा परिसर, ओलीत दिलेली गव्हाची-हरभऱ्याची वावरं, इथे ते अचानक दाट होतं. पुलाकडे उतरणारा रस्ता दिसला की आधीच वेग उतरवा.

कापसाच्या ट्रॉलीला आणि बंडीला नेमकं काय लावावं?

हिशेब असा आहे. कार 60 ने येते, भरलेला ट्रॅक्टर 15–20 ने चालतो. फरक ताशी 40 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. डिपरमध्ये मातकट ट्रॉली 40–50 मीटरवर आली की दिसते. कारवाल्याच्या हाती साडेतीन-साडेचार सेकंद राहतात, तेही त्याचं लक्ष रस्त्यावर असेल आणि समोरून कोणाचा अप्पर डोळ्यांवर नसेल तर. रेडियम मात्र त्याच डिपरमध्ये कितीतरी आधी चमकतं.

मागच्या फाळक्याला दोन्ही टोकांपर्यंत लाल रेडियम पट्टी लावा, निदान दोन इंच रुंद. पट्टी मधोमध असून उपयोग नाही. ट्रॉली किती रुंद आहे हे मागच्याला कळलं पाहिजे. दोन्ही कडांना उभी पट्टी, बाजूंना पिवळी, पुढच्या फाळक्याला पांढरी. मधोमध लाल त्रिकोण. पट्टी सकाळी चिकटवू नका, गार पत्र्यावर गोंद धरत नाही. दुपारी पत्रा कोमट झाला की तारेच्या ब्रशने गंज काढा, थिनरच्या कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पट्टी एका टोकाकडून अंगठ्याने दाबत न्या. कडा उचलल्या तर आत धूळ शिरते आणि महिन्यात पट्टी गळते.

आता कापूस भरल्यावर काय होतं ते पाहा. कापूस फाळक्याबाहेर फुगतो, वरून ताडपत्री खाली लोंबते, आणि मेहनतीने लावलेली पट्टी तिच्याखाली जाते. म्हणून भरल्यानंतर, निघण्याआधी, पन्नास पावलं मागे जाऊन मोबाइलच्या टॉर्चने ट्रॉलीकडे बघा. चमकलं नाही तर ताडपत्रीवरच, दोन्ही कोपऱ्यांना, रेडियम लावलेलं कापड किंवा त्रिकोण बांधा. ट्रॅक्टरवरून ट्रॉलीला लाइटची वायर जोडून मागे दोन लाल दिवे लावणं अवघड नाही. सॉकेट बसवून घेतलं की दर खेपेला फक्त पिन लावायची. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचा पांढरा काम-दिवा मागे तोंड करून चालू ठेवू नका. मागच्याला तो समोरून येणारी गाडी वाटतो.

बैलबंडीला मागे पट्टी, चाकांच्या धावेशेजारी पट्टी, बैलांच्या शिंगांना किंवा गळपट्ट्याला रेडियम. खाली टांगलेला कंदील वाईट नाही, पण तो पुरत नाही. कापूस घेऊन रात्री नंबर लावायला निघाला असाल तर रांगेत ट्रॉली डांबरावर उभी करू नका, खाली उतरवा, आणि जवळ बिडी पेटू देऊ नका.

रस्त्यावर तूर, सोयाबीन पसरलेलं असतं. त्यावरून गाडी नेली तर काय होतं?

बाईक घसरते, गोल दाणे आणि वाळल्या शेंगा टायरखाली रोलरसारख्या फिरतात. ब्रेक न दाबता, हँडल सरळ ठेवून, हळू पार करा. कारखाली तुराट्या आणि कुटार अडकलं तर ते तापलेल्या सायलेन्सरला लागून पेट घेऊ शकतं. पार झाल्यावर जळकट वास आला तर लगेच थांबून खाली पाहा. पसरणाऱ्यांना विनंती: दुसरी जागा नसेल तर निदान वळणावर आणि पुलावर नको, आणि कडेला दगड ठेवले असतील तर संध्याकाळी उचला.

रोही (नीलगाय) आडवा आला तर?

एक गेला म्हणजे संपलं असं समजू नका, मागून आणखी येतात. हँडल किंवा स्टिअरिंग वळवून वाचवायला गेलात तर गाडी झाडावर किंवा खड्ड्यात जाते. सरळ रेषेत ब्रेक दाबा, अप्पर असेल तर डिपर करा, हॉर्न थोडा वाजवा. हरभरा-तुरीच्या वावरांलगत आणि जंगलाच्या कडेला संध्याकाळी आणि पहाटे वेग 40 वर ठेवा. नागपूर–सिवनी महामार्गावर पेंचमध्ये जनावरांसाठी खालून वाटा केल्या आहेत. गावरस्त्यांना ती सोय नाही. रानडुक्कर बुटकं आणि काळं असतं, बाईकच्या लाइटमध्ये अगदी जवळ आल्यावरच दिसतं.

पहाटे बाईकवर जावंच लागतं. काय घालावं?

बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो, म्हणून हातमोजे आधी. छातीवर वारा अडवणारं जाकीट. नसेल तर स्वेटरखाली वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या चांगलं काम करतात. मफलर, शालीचं टोक, मागे बसलेल्या बाईचा पदर चाकाबाहेर लोंबणार नाही असा खोचा. व्हायझर धुरकट होत असेल तर आतून भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या कापडाने पुसा. काळ्या घोंगडीवरून पाठीला रेडियमची पट्टी किंवा रेडियमचं जाकीट चढवा.

चिखलदऱ्याला जाताना वेगळं काय?

चिखलदरा साधारण 1100 मीटर उंचीवर आहे. परतवाड्याहून वर जाताना खाली ऊन आणि वर दाट धुकं, असं होतं. वळणावर हॉर्न द्या, चढणाऱ्याला वाट द्या. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून सोडू नका. ब्रेकचा जळका वास आला तर वीस मिनिटं थांबा, चाकावर पाणी ओतू नका. मेळघाटातल्या जंगल रस्त्यांवर रात्री वाहतुकीला निर्बंध असतात, म्हणून दिवसाउजेडी निघा.

धुक्यात गाडी रस्त्यात बंद पडली तर?

शक्य तितकी डांबराखाली ढकला, आता मात्र चारही इंडिकेटर लावा. माणसं गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब, वावराच्या धुऱ्याकडे उभी करा. त्रिकोण मागे निदान शंभर पावलांवर ठेवा. त्रिकोण नसेल तर फांद्या ठेवतात, ते ठीक, पण मोठे दगड नकोत. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि पहाटे दूध घेऊन निघालेला बाईकवाला त्यावर आपटतो. मदतीला 112, ॲम्ब्युलन्सला 108, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033.

रांगेत रात्र काढायची आहे. काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपलं तर?

झोपू नका. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस जागाच होत नाही. ट्रकच्या केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवणंही तेवढंच घातक; ती विझत आली तरी वायू सोडते. इंजिन बंद करा, दोन काचा बोटभर उघड्या ठेवा आणि अंगावर ब्लँकेट जास्त घ्या. डोकं दुखून मळमळू लागलं तर दार उघडून लगेच बाहेर या, सोबतच्यांनाही बाहेर काढा आणि 108 ला फोन करा.